वाळवणाची घाई

"शेवटची सहा मिनिटं कापता आली तर बघा ना," लॉन्ड्रीचे मालक म्हणाले.

पुण्यातल्या हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणारी त्यांची लॉन्ड्री. तिथले ड्रायर चालवणारं सॉफ्टवेअर आमच्या टीमनं लिहिलेलं, त्यातला बराचसा कोड माझा. ड्रायर शेवटची सहा मिनिटं आच बंद करून नुसत्या गार हवेत कपडे फिरवत राहतो. मालकांचा हिशेब सरळ होता. कपडे तर वाळलेत, मग ड्रम रिकामा का करायचा नाही? दिवसाला चार घाणे जास्त निघतील. माझ्यासाठी तो एका आकड्याचा बदल होता, सहाच्या जागी शून्य. "सोमवारी सांगतो," म्हणालो आणि गावी आलो.

आमचं गाव बिद्रीजवळ. इथं कारखाना म्हटलं की एकच, दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. बाबा तिथं सेंट्रीफ्युगलवर होते, आता निवृत्त झालेत. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये हायड्रोवर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. घरात त्याबद्दल 'मशीननं घेतली' एवढंच बोललं जायचं. त्या रात्री जेवणानंतर सोप्यात बसल्यावर मी सहा मिनिटांचा विषय काढला आणि दोघं भाऊ एकदमच बोलायला लागले. एकानं आयुष्यभर साखर वाळवली, दुसऱ्यानं कापड. पण दोघांचं मशीन एकच होतं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

हे रूपक नाही, खरोखरच एक मशीन. भोकं पाडलेली धातूची बादली जोरात फिरवायची, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं, माल आत राहतो. कापडातलं पाणी काढायला हे यंत्र १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये पेन्झोल्ट यांनी पुढं आणलं. त्याआधी कपडे पिळणं म्हणजे दोन माणसं आणि चार मनगटं, किंवा दोन लाटण्यांमधून दाबून काढणं. काही वर्षांतच साखरवाल्यांचं लक्ष या बादलीकडे गेलं, कारण त्यांची अडचण तीच होती. शिजवून दाणा धरलेल्या रसात साखर आणि मळी एकत्र असतात. मळी निथळायला युरोपात आणि वसाहतींत मातीचे शंकूसारखे साचे वापरत. वर ओल्या चिकणमातीचा थर द्यायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. उत्तर भारतात राब पोत्यांत भरून दाबत, नंतर त्यावर पाणवनस्पतींचे थर देत. त्यातून झिरपणाऱ्या ओलाव्यानं साखर हळूहळू पांढरी होई. १८५१ साली हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टन यांनी साखरेसाठी फिरती बादली बसवली आणि आठवड्यांचं काम मिनिटांवर आलं. पुढं त्यांनीच ती वरून दांड्याला टांगली. टांगलेल्या बादलीचा तो साचा जगभरच्या साखर कारखान्यांत गेला. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संयुक्त प्रांतात सय्यद मुहम्मद हादी यांनी खांडसारीसाठी हातानं फिरवायची सेंट्रीफ्युगल चालवून दाखवली.

म्हणजे वाळवणाचा इतिहास हा वाट बघणं कमी करण्याचा इतिहास आहे. पण वाट बघणं पूर्ण संपत नाही. थोडं शिल्लक राहतंच, आणि अपघात नेमका त्या शिल्लक भागात होतो.

एक मीटर व्यासाची बादली मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी १८८ किलोमीटर भरतो. आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे ५६० पट जोर येतो. एक किलोचा ओला टॉवेल एका बाजूला जास्त पडला, तर अर्ध्या टनाहून जास्त ओढ एकाच बाजूनं दांड्याला बसते. वेग दुप्पट केला तर हा जोर चौपट होतो. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३० होतं. फिरतं भांडं, पिंजरा, बादली यांचा सुरक्षित वेग ओलांडला जाऊ नये, यासाठी ठोस उपाय करायलाच हवेत, असं ते सांगायचं. त्या कायद्याखालच्या नमुना नियमावलीत अशा यंत्रांसाठी वेगळं परिशिष्टच होतं. भक्कम झाकण हवं. बादली फिरत असताना ते उघडता येता कामा नये आणि ते उघडं असताना बादली फिरता कामा नये. वीज तोडल्यावर ती लवकर थांबवणारा ब्रेक हवा. आणि शेवटी एक अपवाद होता: साखर उद्योगातल्या वरून टांगलेल्या यंत्रांना या अटी लागू नव्हत्या.

मी तो अपवाद मोबाईलवर वाचून दाखवला तेव्हा बाबा हसले. "आमचं मशीन वरनं उघडंच. साखरंचा रंग डोळ्यानं बघायचा, मग पाणी मारायचं. झाकण लावलं तर दिसणार काय?" नव्या मशीनवर हे सगळं प्रोग्रॅमनं होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात ते नजरेनं आणि शिस्तीनं होत होतं.

तात्यांच्या हायड्रोला मात्र झाकण होतं, खटकाही होता.

"मग बोटं कशी गेली?"

"खटका तारेनं बांधला हुता."

"कुणी?"

"मीच की."

बटण बंद केल्यावर बादली आपल्या जोरावर फिरत राहायची, आणि ती थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. कापडाचे गठ्ठे मागं साचलेले, मुकादम ओरडतोय. सगळ्याच पाळ्यांत तार बांधायची पद्धत होती. त्या दिवशी बादली थांबल्यासारखीच दिसत होती. मिनिटाला साठ फेरे म्हणजे सेकंदाला एक, डोळ्याला तो वेग काहीच वाटत नाही. पण कडेला तेव्हाही सेकंदाला तीन मीटर वेग असतो आणि ओल्या मालाचं वजन त्याच्या मागं असतं. तात्यांनी कापडाचं टोक धरलं. टोकानं बोटांना वेढा घातला.

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो आणि डोक्यात माझा आकडा फिरत होता. सहाच्या जागी शून्य. ती तारच होती, फक्त माझी तार कुणाला दिसली नसती.

कारण ड्रायरची गार हवा हाही एक खटकाच आहे. हायड्रोत पाणी निघून जातं, मग उरलेला ओलावा आचेनं घालवायचा. गरम सुती कापडाचा ढीग घातला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. त्यातही स्वयंपाकघरातली फडकी किंवा मसाजचे टॉवेल असतील, तर धुऊनही त्यांत थोडं तेल राहतं. ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःच तापत जातं. ढीग कित्येक तासांनी, सगळे घरी गेल्यावर, पेटू शकतो. ड्रायर मध्येच बंद करून कपडे आत सोडले तरी तेच. शिवाय प्रत्येक घाण्यातून कापसाची भुरभुर निघते, जाळीत आणि धुराड्यात बसते. ती वेळच्या वेळी काढली नाही तर ठिणगीला वातच मिळते.

साखरेचीही तीच गत आहे. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साठलेल्या साखरेच्या धुळीचे एकामागून एक स्फोट झाले. १४ कामगार गेले. चहात विरघळणारी साखर बारीक धूळ होऊन हवेत पसरली की दारूगोळ्यासारखी वागते.

"आमच्याकडं हॉपरवर आधी गरम हवा, मग गार हवा," बाबा म्हणाले. "गरम साखर पोत्यात भरली की तिचा दगड झालाच. घाई केली तरी थांबायचं ते थांबायला लागतंयच."

सोमवारी मी मालकांना नाही म्हणालो. नुसतं नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून आकडा बदलून घेतला असता, म्हणून हिशेब घेऊन गेलो. मिनिटं शेवटी कापण्यापेक्षा सुरुवातीला वाचवा. पाणी आचेनं उडवण्यापेक्षा फिरवून फेकायला कितीतरी कमी ऊर्जा लागते, म्हणून कंपनीनं दिलेल्या वेगाच्या आत हायड्रो दोन मिनिटं जास्त चालवा. जाळी प्रत्येक घाण्याला साफ करा, म्हणजे हवा खेळेल आणि कपडे लवकर वाळतील. जाड टॉवेल आणि पातळ चादरी एका घाण्यात घालू नका, नाहीतर टॉवेल वाळेपर्यंत चादरी उगाच तापतात. तेलकट माल वेगळा ठेवा, आणि वाळल्यावर त्याचा ढीग करू नका.

ते फारसे खूश दिसले नाहीत, पण हायड्रोचं करून बघू म्हणाले. मी त्या आकड्याला खालून मर्यादा घातली. आता स्क्रीनवर सहापेक्षा कमी लिहिताच येत नाही.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. मर्यादा वगैरे मी समजावून सांगत होतो, त्यांनी मध्येच तोडलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. तार बांधता येती का न्हाई, तेवढं सांग."

मी लॅपटॉप उघडला आणि पुन्हा शोधायला बसलो.