निर्लोम मांजराचें न्हाणें

धाराशिव जिल्ह्यांतील वाशी हें बालाघाटाच्या पठारावरचें तालुक्याचें गांव. त्याच्या उत्तरेस मांजरा नदी आहे. तिच्या नांवाचा मांजराशीं संबंध जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तथापि पुढील मजकुरांत नदी आणि मांजर हीं दोन्ही येणार असल्यामुळें वाचकांस ही गोष्ट आरंभींच सांगून ठेवतों. गेल्या वैशाखांत आम्ही तेथील एका स्नेह्यांकडे दोन दिवस उतरलों होतों. त्यांच्या सोप्यांत आम्हांस असा एक प्राणी दिसला कीं, तो मांजर आहे अशी क्षणभर खात्रीच पटेना. अंगावर केंस नाहींत, कान वटवाघळासारखे मोठे, मानेवर व खांद्यांवर वळ्या, आणि कातडी उघडी, गुलाबी. स्नेह्यांची कन्या पुण्यास शिकावयास होती. तिनें परत येतांना तें मांजर बरोबर आणलें होतें. घरांतील आजीबाईंनीं त्याला प्रथम पाहिलें तेव्हां "ह्याला खरूज झालीय का काय गं?" एवढाच प्रश्न विचारला म्हणे.

दुसरा दिवस रविवारचा होता. नात न्हाणीघरांत बादली व मऊ पंचा घेऊन बसली, मांजर घंगाळांत, आणि आजीबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन दारांत उभ्या. "आधी जरा तेल जिरव की. लेकराला असं कोरडंच न्हाऊ घालतेस व्हय?" नात म्हणाली, "आजी, त्याच्या अंगावरचं तेल काढायलाच तर न्हाऊ घालतेय मी!" आजीबाईंना हें पटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तेव्हां पटलें नाहीं. घरीं आल्यावर आम्ही या प्राण्याचा इतिहास धुंडाळला, आणि त्या न्हाणीघरांतील वादांतच सर्व इतिहासाचें बीज आहे असें आमच्या ध्यानीं आलें.

आपल्याकडे मांजराला न्हाऊ घालण्याची रीत कधींच नव्हती. घाईघाईनें उरकलेल्या स्नानास आपण कावळ्याची आंघोळ म्हणतों; मांजराच्या आंघोळीची म्हण आमच्या ऐकण्यांत नाहीं, कारण मांजर आपली स्वच्छता आपणच राखतें हें सर्वांस ठाऊक होतें. कणगींतील धान्य उंदरांपासून राखावें, चुलीपाशीं निजावें, आणि बाकीचा वेळ अंग चाटीत बसावें, हा त्याचा आपल्या घराशीं झालेला जुना करार. त्याची जीभ खरखरीत असते हें लहान मुलांसहि माहीत आहे; पण तिच्यावरील बारीक कांटे टोंकाशीं पोकळ पन्हळीसारखे असतात, त्यांत लाळ भरून ती केंसांच्या मुळांपर्यंत पोंचते, हें अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेंतील संशोधकांनीं २०१८ सालीं दाखवून दिलें. कातडींतून पाझरणारें तेल केंसांवर पसरतें, जीभ तें सारखें करते व जास्तीचें काढून टाकते. केंस नसतील तर पाझरलेलें तेल कातडीवरच सांचतें, त्यावर धूळ बसते, आणि मांजर जेथें बसेल तेथें तांबूस डाग उमटतो. जीभ तीच असते; पण ज्या केंसांवर तिनें काम करावयाचें ते केंसच नसतात.

असें मांजर आलें कोठून? त्याला स्फिंक्स म्हणतात, आणि नांवावरून तें मिसर देशाचें असावें असा पुष्कळांचा समज होतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. हें नांव गीझाच्या पाषाणमूर्तीवरून घेतलेलें आहे इतकाच काय तो मिसरशीं संबंध. प्राण्याचें जन्मस्थान कानडा देश. तेथील टोरांटो शहरांत १९६६ सालीं एलिझाबेथ नांवाच्या सामान्य मांजरीला एक निर्लोम बोका झाला. त्याचें नांव प्रून, म्हणजे सुकविलेलें आलुबुखार. अंगावरील सुरकुत्या पाहतां नांव ठेवणाराची दृष्टि बरी होती असें म्हणावें लागतें. त्याच्यापासून वंश चालविण्याचा प्रयत्न झाला, अमेरिकेंतील एका मोठ्या मार्जार-संघानें त्या जातीस १९७० सालीं तात्पुरती मान्यताहि दिली. पण संतति रोगट निपजूं लागली आणि पुढच्याच वर्षीं मान्यता काढून घेण्यांत आली. तो वंश तेथेंच खुंटला.

निर्लोम मांजर हें तेव्हांहि अगदीं नवें नव्हतें. फ्रान्सिस सिम्पसन या बाईंनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मांजरांवरील मोठ्या ग्रंथांत न्यू मेक्सिकोमधील अल्बुकर्क येथील अशा एका जोडप्याची हकीकत आहे. मांजरीचें नांव नेली, बोक्याचें डिक. तेथील मूळच्या रहिवाशांकडून तीं मिळालीं असें मालकाचें म्हणणें होतें. हिंवाळ्यांत त्यांच्या पाठीवर व शेपटीवर थोडी लव येई आणि उन्हाळ्यांत ती झडून जाई, हा त्या वर्णनांतील तपशील आम्हांस फार मनोवेधक वाटला. निसर्गानें केंस काढून घेतांना थंडीपुरती एक सवलत ठेवली होती. पुढें डिकला कुत्र्यांनीं मारलें आणि जोडपें निपुत्रिकच राहिलें.

आजच्या स्फिंक्स मांजरांचें गोत्र याहून निराळें आहे. मिनेसोटा प्रांतांतील वाडेना येथील एका शेतावर १९७५ सालीं जेझबेल नांवाच्या मांजरीला निर्लोम पिलूं झालें व पुढच्या वर्षीं आणखी एक. त्यांचीं नांवें एपिडर्मिस व डर्मिस, म्हणजे कातडीचे वरचा व आंतला असे दोन थर! त्याच दशकाच्या अखेरीस टोरांटोमध्यें शर्ली स्मिथ या बाईंना तीन निर्लोम पिलें सांपडलीं. त्यांतील पंकी व पालोमा या दोन मांजरी हॉलंडांत ह्यूगो हर्नांडेझ या डॉक्टरांकडे पाठविण्यांत आल्या, आणि कुरळ्या केंसांच्या डेव्हन रेक्स जातीशीं संकर करून तेथें वंश वाढविला गेला. हा संकर कां फळला त्याचें उत्तर फार उशिरां, २०१० सालीं मिळालें: दोन्ही जातींतील दोष केंस घडविणाऱ्या एकाच जनुकाचा आहे. रशियांतील डॉन नदीकांठच्या रोस्तोव शहरांत १९८७ सालीं वार्या नांवाची एक मांजरी रस्त्यावर मिळाली, तिच्यापासून दुसरी एक निर्लोम जात निघाली. पण तिचें कारण वेगळें आहे, म्हणून तें येथें वाढवीत नाहीं.

या साऱ्या वंशावळींत एक गोष्ट सारखी आढळते. निर्लोम पिलूं प्रत्येक वेळीं आपोआप जन्मलें. परंतु तें टिकलें तें माणसानें टिकविलें म्हणून. आणि टिकवितांना जें काम मांजराची जीभ करीत होती तें माणसाच्या हातावर आलें.

तें काम काय, तें आतां सांगतों. साधारणतः आठवड्यास एकदां कोमट पाण्यानें न्हाऊ घालावें लागतें. साबण माणसांचा चालत नाहीं, मांजरांसाठीं केलेला सौम्य लागतो. आणि वारंवार धुतलें तर कातडी कोरडी होऊन उलट त्रास होतो. न्हाणें झालें कीं लागलेंच पुसून कोरडें करावयाचें, वाऱ्याच्या झोतांत सोडावयाचें नाहीं. कानांत तपकिरी मळ फार सांचतो, तो बाहेरच्या बाजूनेंच हलक्या हातानें पुसावयाचा. नखांच्या मुळाशीं चिकट काळा थर बसतो, तोहि काढावा लागतो. पापण्यांना केंस नसल्यामुळें डोळ्यांत धूळ सहज जाते, म्हणून डोळ्यांचे कोपरेहि रोज पहावे लागतात. वैशाखाच्या उन्हांत गुलाबी कातडी भाजते आणि पौषांतल्या रात्रीं गोधडी लागते. बालाघाटावर दोन्ही ऋतु कडक. अंगाची ऊब लवकर निघून जात असल्यामुळें खाणेंहि इतर मांजरांपेक्षां अधिक. औषधांच्या बाबतींत तर फार सावधगिरी हवी: कुत्र्यांच्या पिसवांवरील परमेथ्रिनयुक्त औषध किंवा टी-ट्री नांवाचें तेल मांजराला विषासमान आहे, मग तें केंसाळ असो वा निर्लोम. केंस नाहींत म्हणून ज्यांना मांजराच्या सहवासांत शिंका येतात त्यांस हें सोसेल, असाहि एक समज आहे. पण शिंका आणणारा पदार्थ लाळेंत व कातडींत असतो, केंसांत नव्हे.

ही यादी वाचून कोणा गृहिणीस ओळखीचें कांहीं आठवेल. कोमट पाणी, मऊ पंचा, वारा लागूं न देणें, कान पुसणें, नखें काढणें: आपल्या घरांतील तान्ह्या बाळाचें न्हाणेंच हें, एक तेल वगळलें तर. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर सटवाईची पूजा करतात. ती मूळची षष्ठीदेवी, आणि षष्ठीदेवीचें वाहन मांजर. वैष्णव आचार्यांनीं भक्ताच्या शरणागतीस मार्जारकिशोरन्याय असें नांव दिलें. माकडाचें पिलूं आईला बिलगून राहतें, पण मांजराच्या पिलाला आईच तोंडांत धरून नेते, त्यानें स्वतः कांहींच करावयाचें नसतें. त्या दृष्टांतांतील पिलूं निदान मोठें तरी होतें. स्फिंक्स मांजर मात्र जन्मभर पिलूंच राहतें, आणि त्याची आई माणूस.

हें माणसानें करावें कीं नाहीं, यावर युरोपांत मोठा वाद झाला. बर्लिन येथील न्यायालयानें २०१५ सालीं अशा मांजरांच्या पैदाशीविरुद्ध निकाल दिला, त्यांत मुख्य मुद्दा थंडीचा नव्हता, मिशांचा होता. मांजराच्या मिशा हें स्पर्शाचें इंद्रिय आहे, अंधारांत तें त्यांवर वाट काढतें. आणि मिशा नसलेलें मांजर निपजविणें म्हणजे एक इंद्रिय कमी करून प्राणी जन्मास घालणें होय, असा त्याचा आशय. ज्या हॉलंडांत पंकी व पालोमा यांचा वंश वाढला तेथेंच अशा मांजरांची पैदास प्रथम बेकायदा ठरली, आणि १ जानेवारी २०२६ पासून नवीं निर्लोम मांजरें पाळणेंहि बंद झालें. आधीपासून घरीं असलेलीं तेवढीं शेवटपर्यंत ठेवतां येतात. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. जें मांजर घरांत आलेंच आहे त्याला मात्र कोणताहि कायदा न्हाऊ घालीत नाहीं.

आणि येथें नदी येते. मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण कोरडें पडलें तेव्हां शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल २०१६ रोजीं पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत पांच लक्ष लिटर पाणी होतें. वाशीकडे जुनीं माणसें १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगतात, तरुण माणसें २०१६ ची. अशा मुलुखांत दर रविवारीं मांजरासाठीं बादलीभर पाणी काढणें ही टोरांटोमध्यें कोणास सुचणार नाहीं अशी अडचण आहे. आमच्या स्नेह्यांच्या घरीं त्या आठवड्यांत टँकर आला नव्हता. म्हणून नातीनें अर्धीच बादली घेतली होती. आधीं ओल्या पंचानें अंग दोनदां पुसून काढलें, मग काखेंतल्या व मानेच्या वळ्या तेवढ्या साबणानें धुतल्या, आणि घंगाळांतलें पाणी परसांतल्या लिंबाच्या बुंध्याशीं नेऊन ओतलें. आजीबाई दारांतून हालल्या नाहींत.

परवां वाशीहून निरोप आला कीं, पाऊस अजून लागलेला नाहीं. आजीबाईंनीं आपल्या आंघोळीच्या पाण्यांतून दर रविवारीं दोन तांबे मांजरासाठीं बाजूस ठेवण्यास सुरुवात केली आहे. तेलाची वाटी मात्र अजून न्हाणीघराच्या कोनाड्यांत तशीच ठेवलेली आहे.