पैसे दारावर की पाळण्यापाशी? मनोरंजन उद्यानांच्या तिकिटाची शंभर वर्षे

१/ १९९९ साली ‘रोलरकोस्टर टायकून’ हा संगणकीय खेळ आला. ख्रिस सॉयर यांनी त्याचा जवळजवळ सारा प्रोग्राम असेंब्ली भाषेत लिहिला होता. उद्यान उभारणाऱ्या खेळाडूपुढे लवकरच एक प्रश्न उभा राही : पैसे दारावर घ्यावेत की प्रत्येक पाळण्यापाशी? या प्रश्नाचे वय तेव्हाच शंभर वर्षांहून अधिक होते. #इतिहास #थ्रेड

२/ त्याचा उगम न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सापडतो. १८९५ मध्ये पॉल बॉयटन यांनी तेथे ‘सी लायन पार्क’ला कुंपण घातले आणि आत येण्याचेच पैसे घेतले. कुंपण आले, तसे दार आले. आणि दाराबरोबर दाराची किंमतही आली.

३/ १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू यांनी शेजारीच ‘स्टीपलचेस पार्क’ उघडले. तेथे २५ सेंटच्या एका तिकिटात आतील खेळांची मौज मिळे. पुढे सी लायन पार्कच्या जागेवर १९०३ मध्ये ‘लूना पार्क’ उभे राहिले. त्याचे प्रवेशशुल्क अवघे १० सेंट. आतील खेळांचे पैसे मात्र वेगळे. दोन पंथ असे समोरासमोर आले.

४/ १९५५ मध्ये उघडलेल्या डिस्नेलँडने दोन्ही वाटा जोडल्या : प्रौढांना १ डॉलर प्रवेश आणि आत प्रत्येक सफरीचे निराळे तिकीट. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका आली. ‘ए’ तिकीट साध्या सफरींचे. १९५९ मध्ये आलेले ‘ई’ सर्वांत आकर्षक सफरींचे. १९८२ मध्ये ही पद्धत संपली आणि एका तिकिटात सारे खुले झाले.

५/ दरम्यान १९७१ मध्ये वॉल्टर ओय या अर्थतज्ज्ञाने डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा : सर्व ग्राहकांची आवड सारखी असेल, तर सफरीचे दर तिच्या खर्चाइतकेच ठेवावेत आणि नफा दारावर घ्यावा. आवडी भिन्न असतील, तर मात्र हिशेब गुंतागुंतीचा होतो.

६/ सॉयर यांच्या पहिल्या खेळात दोन्हीकडे पैसे घेता येत. पण प्रत्येक पाहुण्याच्या खिशात मोजकीच रक्कम असे. दर अवाजवी वाटला, तर तो ‘इतके पैसे देणार नाही’ असे मनात म्हणून पुढे जाई. पाळणा जुना झाला की त्याचे मोलही उतरे. पाऊस आला की तोच पाहुणा छत्रीसाठी चढा दर आनंदाने मोजी!

७/ २००२ च्या दुसऱ्या भागात ही मोकळीक गेली. तेथे उत्पन्न प्रवेशातून किंवा सफरींतून, दोन्हीकडून नाही. प्रवेशाचे पैसे एकदाच मिळतात, म्हणून नवे पाहुणे सतत यावे लागतात. सफरींचे पैसे दिवसभर मिळतात, पण प्रत्येक दरावर नजर ठेवावी लागते.

८/ कोनी आयलंडवर नाण्यांनी झालेला वाद असा मुलांच्या संगणकावर पोहोचला. दारावरची किंमत ठरवते, आत कोण येणार. पाळण्यापाशी मागितलेली किंमत ठरवते, आत येऊनही बाकावर बसून नुसते पाहणार कोण. आणि एकाच तिकिटात सारे खुले केले, तरी किंमत संपत नाही. ती रांगेत उभे राहून, वेळाने चुकवावी लागते. (समाप्त)