खर्व, खरब आणि एक मोठी संख्या

आमच्या कटंगीत घरी मराठी आणि बाजारात हिंदी, हा शिरस्ता जुनाच. १९५६ पूर्वी नागपूर ही आमचीही राजधानी होती. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून आमची मुले शाळेत हिंदीत मोजतात आणि घरी मराठीत.

मागच्या दिवाळीत नातीने १११११११११ चा वर्ग काढला. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढून तशीच उतरणारी ही सतरा अंकी संख्या तिने हिंदीत धडाधड वाचली: बारह पद्म, चौंतीस नील, छप्पन खरब... मी लहानपणी पाठ केलेली यादी म्हटली: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध.

"आबाजी, तुमचा खर्व चुकला," ती म्हणाली. "खरब म्हणजे सौ अरब."

मला ते लागले. घरची भाषा चुकीची आणि शाळेची बरोबर, हे मुलांच्या मनात असेच घर करते. खरे पाहता चूक कोणाचीच नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) दर दहा पटीला नवे नाव आहे. म्हणून खर्व म्हणजे दहा अब्ज आणि सतरावे स्थान 'मध्य'. हिंदीत अरबच्या पुढे शंभर-शंभर पटीने नाव बदलते. म्हणून खरब म्हणजे शंभर अब्ज. शब्द एका कुळातले, माप दहापट वेगळे!

मी म्हटले, "नाव राहू दे. संख्या फोडून पाहू." तेव्हा मला देवळालीच्या कापरेकर मास्तरांची आठवण झाली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले. विद्यार्थी असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. विद्यापीठातले पद नाही, हाताशी फक्त कागद आणि पेन्सिल. मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या. त्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव दिले. नातीची संख्या त्यांच्या 'अद्भुत डेम्लो' संख्यांपैकी होती.

डेम्लोचा साधा नमुना असा. ४३ ला ११, १११, ११११ ने गुणा: ४७३, ४७७३, ४७७७३. टोकांना ४ आणि ३, मध्ये त्यांची बेरीज ७. मधले सात वाढवत शंभर अंकी संख्या लिहिली, तरी ती संयुक्तच, कारण ४३ ने तिला भाग जाणारच. एवढ्या मोठ्या संख्येचा अवयव नुसत्या नजरेला दिसतो.

आता आमची संख्या. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि हे सारे अवयव मूळ आहेत. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

असल्या गणिताला पुष्कळांनी पोरखेळ मानले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते जगाला माहीत झाले. १९८६ मध्ये ते वारले.

नातीने भागाकार दोनदा ताडून पाहिला. मग वहीत अवयव मांडले आणि वर दोन रकाने आखले: एकात खरब, दुसऱ्यात खर्व. खालचे अवयव मात्र तिने एकदाच लिहिले.