कमी जागेतील अँटेना : आखूड तारेचे गणित

हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ, हा केवळ छंद नाही. सन १९९३ मध्ये लातूर-उस्मानाबाद परिसरात भूकंप झाला, तसेच डिसेंबर २००४ मध्ये सुनामीने अंदमान बेटांना तडाखा दिला, तेव्हा नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडली असताना हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले. अशा वेळी उपयोगी पडते ती साधी यंत्रसामग्री व चांगली अँटेना. मात्र शहरातील सदनिकेत राहणाऱ्या परवानाधारकापुढे प्रश्न उभा राहतो तो जागेचा.

हौशी रेडिओची मूळ अँटेना म्हणजे अर्धतरंग द्विध्रुव, म्हणजेच डायपोल. मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने १४३ या संख्येला भागले की तिची मीटरमधील लांबी साधारणपणे मिळते. त्यानुसार १४.२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १० मीटर, ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर आणि ३.६५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३९ मीटर तार लागते. इमारतीच्या गच्चीवर २० मीटर सरळ जागा मिळणे कठीण, आणि ३९ मीटर तर दुरापास्तच. म्हणून अँटेना आखूड करावी लागते. पण त्याची किंमत मोजावी लागते.

आखूड केल्याने काय होते?

अँटेनेला दिलेल्या शक्तीपैकी जो भाग तरंगरूपाने बाहेर पडतो, तो जणू एका रोधात खर्च होतो असे मानले जाते. त्यास प्रारण रोध म्हणतात. अवकाशात मोकळ्या असलेल्या अर्धतरंग डायपोलचा हा रोध सुमारे ७३ ओहम असतो. लांबी कमी केली की तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. याउलट तार, कॉइल व जमीन यांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती त्या प्रमाणात घटत नाही. खरी अडचण येथेच आहे.

उदाहरणार्थ, ७.१ मेगाहर्ट्झवर अडीच मीटर उंचीची उभी काठी घेतली, तर तिचा प्रारण रोध जेमतेम १.४ ओहम भरतो. जमिनीचा व कॉइलचा मिळून अपव्ययी रोध १५ ओहम धरला, तर कार्यक्षमता सुमारे साडेआठ टक्के होते. शंभर वॅट शक्ती दिली तरी साडेआठ वॅटच बाहेर पडतात. उरलेली शक्ती माती आणि तांबे तापविण्यात जाते.

भरपाईचे उपाय

पाव तरंगलांबीपेक्षा आखूड काठी विजेच्या दृष्टीने धारित्रासारखी वागते. तिला अनुस्पंदनात आणण्यासाठी तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, जोडतात. कॉइल तळाशी बसविणे सोपे असते. परंतु ती मध्यभागी बसविल्यास काठीच्या खालच्या भागातील विद्युतप्रवाह अधिक एकसारखा राहतो व प्रारण रोध वाढतो. मात्र त्यासाठी अधिक वेढ्यांची कॉइल लागते. जाड तारेची, वेढ्यांत अंतर ठेवलेली कॉइल अपव्यय कमी करते.

याहून चांगला उपाय म्हणजे काठीच्या टोकाला आडव्या तारांची छत्री लावणे. त्यामुळे संपूर्ण उंचीवर प्रवाह जवळजवळ सारखा राहतो आणि प्रारण रोध चौपटीपर्यंत जाऊ शकतो. वरील उदाहरणात तो साडेपाच ओहम झाला, तर अपव्यय तेवढाच राहूनही कार्यक्षमता २७ टक्क्यांच्या आसपास जाते. जमिनीवर पसरलेल्या तारांची संख्या वाढविल्यास आणखी लाभ होतो.

तिसरा प्रकार चुंबकीय वलयाचा. एक मीटर व्यासाचे, २२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचे वलय १४ मेगाहर्ट्झवर वापरता येते. त्याचा प्रारण रोध एक दशांश ओहमहूनही कमी असतो. साहजिकच प्रत्येक सांधा पक्का झाळलेला हवा; एखादा सैल सांधाही कार्यक्षमता निम्म्यावर आणू शकतो. शंभर वॅट शक्तीला याच्या धारित्रावर पाच हजार व्होल्टहून अधिक दाब निर्माण होतो. तेव्हा वलय प्रक्षेपणाच्या वेळी हाताच्या टप्प्यात नसावे.

मीटरचा भ्रम

नवशिक्या चालकाची फसगत बहुधा एसडब्ल्यूआर मीटरवर होते. या मीटरचे वाचन उत्तम आले म्हणजे अँटेना उत्तम, असा समज असतो. प्रत्यक्षात पन्नास ओहमच्या साध्या रोधकाचे वाचनही आदर्श येते, पण तो काहीच प्रक्षेपित करीत नाही. आखूड काठीच्या बाबतीत जमीन जितकी निकृष्ट, तितके वाचन कधी कधी अधिक चांगले दिसते. आणि जमिनीतील तारा वाढविल्यावर ते बिघडते. अशा वेळी तारा काढून टाकू नयेत. योग्य जुळवणी करून घ्यावी.

आणखी एक मर्यादा निसर्गाचीच आहे. हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये व लॅन जेन चू यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की अँटेनेचा आकार लहान, कार्यक्षमता जास्त आणि पट्टारुंदी मोठी या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. वर सांगितलेल्या वलयाची उपयुक्त पट्टारुंदी वीस किलोहर्ट्झच्या आसपासच असते. वारंवारता थोडी बदलली की पुन्हा जुळवणी करावी लागते. आकार चिमुकला, कार्यक्षमता पूर्ण व पट्टा रुंद अशी जाहिरात दिसल्यास सावध व्हावे.

आधी काय करावे?

अँटेना आखूड करण्यापूर्वी तार वाकवून पाहावी. डायपोलचा मध्य उंच ठेवून दोन्ही टोके उतरती सोडली किंवा शेवटचे दोन-तीन मीटर खाली लोंबते ठेवले, तर फारसे नुकसान होत नाही, कारण सर्वाधिक प्रवाह मध्यभागीच असतो. वाकविल्यावर लांबी थोडी जुळवून घ्यावी. विजेच्या तारांपासून पुरेसे अंतर, टोकांना कोणाचा हात लागणार नाही अशी उंची व वीज कडाडत असताना केबल काढून ठेवण्याची सवय, हे नियम मात्र कटाक्षाने पाळावेत.

भारतात प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाल्यावर जागा नाही म्हणून यंत्र कपाटात ठेवण्याचे कारण नाही. गणित समजून उभारलेली आखूड अँटेनाही संकटकाळी आपला आवाज शेकडो किलोमीटर दूर पोहोचवू शकते.