शेअर आणि फाळा : बिद्रीच्या ऊसपट्ट्यातील एका इंग्रजी शब्दाचा इतिहास

इंग्रजीतील 'शेअर' या नामाचा मूळ अर्थ वाटा असा असून, एकत्र मालमत्तेतील हिस्सा, एखाद्या कामातील सहभाग आणि कंपनीच्या भांडवलाचा ठरावीक किमतीचा भाग हे त्याचे पुढचे अर्थ होत. नांगराच्या फाळालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, कारण दोन्ही शब्दांच्या मुळाशी कापण्याची, तुकडे करण्याची क्रिया आहे. मराठीतही फाळ आणि फाळणी यांचे असेच साम्य दिसते. शिवाय कोल्हापूर भागात 'फाळा' म्हणजे वाट्याला आलेली देय रक्कम, आणि म्हणूनच इतरत्र जिला घरपट्टी म्हणतात तिला येथे घरफाळा म्हणतात.

मराठी मुलखात 'शेअर' प्रथम गाजला तो मुंबईत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला अफाट भाव आला, त्या पैशावर असंख्य कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांभोवती सट्ट्याला ऊत आला आणि युद्ध संपताच बॅक बे भरावाच्या कंपनीसह अनेक कंपन्यांचे भाव कोसळले. पुढे १८७५ मध्ये दलालांची संघटना स्थापन होऊन शेअरबाजाराला स्थिर रूप आले. तरी शेअर म्हणजे जोखमीचा शहरी व्यवहार ही समजूत दीर्घकाळ टिकली.

ग्रामीण भागात या शब्दाला वेगळा अर्थ मिळाला तो सहकारामुळे. ब्रिटिश अमलातील १९०४ चा कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता, १९१२ च्या कायद्याने अन्य प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली, आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीजवळ प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाल्यानंतरच्या काळात हीच पद्धत या जिल्ह्यात रुजली, आणि कागल तालुक्यातील बिद्री येथे उभा राहिलेला दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना कागल, भुदरगड व राधानगरी या तालुक्यांतील ऊस उत्पादकांचा झाला.

कंपनीत ज्याच्याकडे शेअर अधिक त्याची मतेही अधिक. सहकारी संस्थेत मात्र शेअर कितीही असले तरी सभासदाला एकच मत असते, आणि हाच नियम महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येही आहे. हा शेअर बाजारात विकला जात नाही, त्याचे भाव रोज चढत-उतरत नाहीत, आणि सभासदाच्या मृत्यूनंतर तो नियमानुसार वारसाच्या नावावर होतो. त्यामुळे ऊसपट्ट्यात "आमचा शेअर आहे" या वाक्याचा अर्थ गुंतवणूक केली आहे एवढाच नसून, आपला ऊस कारखान्याने नेला पाहिजे, सभेत बोलता आले पाहिजे आणि सवलतीच्या दराची साखर घरी आली पाहिजे, असे हक्क त्यात गृहीत असतात. शेतजमिनीच्या वाटण्यांबरोबर शेअर कोणाच्या नावावर करायचा याचीही चर्चा भावाभावांत होते, ती यामुळेच.

व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द मराठीत पुल्लिंगी नाम म्हणून स्थिरावला असून 'शेअर घेतला', 'शेअरची रक्कम', 'शेअर नावावर केला' असे त्याचे प्रयोग होतात. छापील कागदपत्रांत मात्र 'भाग', 'भागभांडवल' आणि 'भागधारक' हे प्रतिशब्द रूढ आहेत. क्रियापदाचा वापर 'शेअर करणे' या रूपाने मोबाइलच्या काळात सर्वदूर पसरला. शिकणाऱ्याने एक भेद लक्षात ठेवावा : इंग्रजीत पुढे 'विथ' आले की कोणाबरोबर वाटून घेतले ते कळते, 'इन' आले की कशात हिस्सा आहे ते कळते. खाऊ वाटून घेतला तर प्रत्येकाच्या हाती कमी येतो, बातमी 'शेअर' केली तर सांगणाऱ्याकडेही ती पूर्ण उरते, आणि सहकारी शेअरमध्ये भांडवलाचे भाग पडले तरी मताचा अधिकार मात्र प्रत्येक सभासदाला सारखाच मिळतो.