मेजेद: एका न दिसणाऱ्या देवाची कुळकथा

घुमटासारखा एक आकार, त्यावर दोन डोळे, डोळ्यांवर भुवया आणि खाली दोन अनवाणी पावलं. हात नाहीत, तोंडही नाही. प्राचीन इजिप्तच्या देवांना आपण ससाण्याच्या, कोल्ह्याच्या नाहीतर मगरीच्या डोक्यावरून ओळखतो. त्या मांदियाळीत ही आकृती चुकून आल्यासारखी वाटते, पण ती अस्सल इजिप्शियन आहे. या देवाचं नाव मेजेद. आज जपानमध्ये त्याच्या बाहुल्या विकल्या जातात आणि तिथल्या दोन गाजलेल्या रोल-प्लेइंग गेममध्ये तो किंवा त्याचं नाव आहे.

त्याची मूळ कागदपत्रं फारच तोकडी आहेत. मृत्यूनंतरच्या प्रवासात उपयोगी पडावेत म्हणून इजिप्शियन लोक प्रेतासोबत जे मंत्र ठेवत, त्यांच्या संग्रहाला आपण ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणतो. त्यातल्या सतराव्या प्रकरणात मृत व्यक्ती सांगते, की मृतांचा देव ओसायरिस याच्या घरातल्या एका प्रहार करणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे. तो नजरेनेच मारा करतो, पण स्वतः कुणाच्या नजरेला पडत नाही. मेजेदचं चरित्र म्हणावं तर एवढंच.

त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे ग्रीनफिल्ड पपायरसवर. हा पपायरस तब्बल ३७ मीटर लांब आहे आणि तो तयार झाला इ.स.पू. ९५० ते ९३०च्या सुमारास, थीब्जच्या अमुन देवाचा मुख्य पुरोहित दुसरा पिनेजेम याची मुलगी नेसितानेबेताशेरू हिच्यासाठी. दैर अल-बहरीच्या ज्या गुप्त दफनस्थळी अनेक फॅरोंच्या ममी लपवलेल्या सापडल्या, तिथेच तीही होती. पपायरस पुढे श्रीमती ग्रीनफिल्ड यांच्याकडे आला, १९१० साली त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला दिला आणि दोन वर्षांनी इजिप्तचे अभ्यासक वॉलिस बज यांनी तो प्रसिद्ध केला. हाताळायला सोपं जावं म्हणून त्याचे ९६ तुकडे करून काचेखाली बसवले गेले. जमिनीवर आडवा पृथ्वीदेव गेब, वर कमानीसारखी वाकलेली आकाशदेवी नूट आणि दोघांना विलग करणारा वायुदेव शू हे पाठ्यपुस्तकांतून सगळीकडे दिसणारं चित्र याच पपायरसमधलं आहे. त्या भव्य चित्रापुढे मेजेदकडे कोण पाहणार?

पाहिलं ते जपानने, आणि जपानला इजिप्तचं वेड जुनं आहे. १८६४ साली युरोपला निघालेल्या सामुराई वकिलातीने वाटेत स्फिंक्ससमोर उभं राहून छायाचित्र काढून घेतलं होतं. १९६५ साली टोकियोत तुतनखामुनचं प्रदर्शन भरलं, तेव्हा एकट्या त्या शहरात सुमारे १३ लाख लोकांनी ते पाहिलं. त्यामुळे ऐंशीच्या दशकात गेम रचणारी मंडळी इजिप्तकडे वळली यात नवल नाही.

१९८८च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्ये वाळवंटात इसिस नावाचं राज्य आहे. तिथे राणी राज्य करते आणि जवळच पिरॅमिड आहे. देवी इसिसचा या राज्याशी नावापलीकडे संबंध नाही, पण पिरॅमिडची रचना मात्र अभ्यासण्यासारखी आहे. आतल्या बटणांचा क्रम राजवाड्यात मुलं गात असलेल्या गाण्यात दडलेला असतो. तळघरात कोणताही मंत्र चालत नाही. तिथल्या शवपेटीतून सोन्याची नखं उचलली, की परतीच्या वाटेवर जवळजवळ पावलोपावली ममी अंगावर येतात. ‘फॅरोचा शाप’ ही वर्तमानपत्रांनी चघळलेली कल्पना हा गेम रचणाऱ्या युजी होरी यांनी थेट खेळाच्या नियमात उतरवली. शाप म्हणजे काय हे खेळणाऱ्याला वाचावं लागत नाही, सोसावं लागतं.

दुसरी वाट ‘मेगामी तेन्सेई’ मालिकेची. १९८७च्या पहिल्याच गेममध्ये सेथ हा इजिप्शियन देव शत्रू म्हणून उभा आहे. पुढे काझुमा कानेको यांनी या मालिकेसाठी जगभरातले देव-दानव चितारले. त्यांचा इजिप्शियन देव थोथ माकडाच्या रूपात, हातात पुस्तक घेऊन येतो. थोथ म्हटलं की आपल्याला बगळ्यासारखा आयबिस पक्षी आठवतो, पण बबून माकड हेही त्याचं खरं प्राचीन रूप होतं. अठराव्या शतकात तोरियामा सेकिएनने भुताखेतांचे सचित्र कोश काढले होते. एकेका अद्भुत जीवाला नाव, रूप आणि स्वभाव देऊन नोंदवण्याची ती जपानी सवय मला या गेममध्येही दिसते.

जपानी गेमच्या या नव्या कोशात मेजेद शिरला तो २०१२नंतर. त्या वर्षी ब्रिटिश म्युझियमचं ‘मृतांचा ग्रंथ’ या विषयावरचं प्रदर्शन टोकियोत आणि नंतर फुकुओकाला भरलं. ग्रीनफिल्ड पपायरस संपूर्ण लांबीत मांडला होता. शूच्या चित्रासाठी आलेले लोक मेजेदपाशी थबकले. पांढरी चादर पांघरल्यासारखं, खाली पाय दिसणारं भूत त्यांना नवं नव्हतं. फुजिको फुजिओ यांचा ‘ओबाके नो क्यू-तारो’ १९६४पासून घराघरांत होता. बघता बघता मेजेदची चित्रं, बाहुल्या, गाणी निघाली.

२०१६ साली तो दोन गेममध्ये आला. ‘फेट/ग्रँड ऑर्डर’मध्ये राणी नितोक्रिसच्या मदतीला तो धावतो. अॅटलस कंपनीच्या ‘पर्सोना ५’मध्ये मात्र तो स्वतः दिसतच नाही. मेजेद हे तिथे एका हॅकर टोळीचं नाव आहे. हे नाव आधी वापरलं ते फुताबा साकुराने. आईच्या मृत्यूचा दोष स्वतःवर घेऊन खोलीत कोंडून राहिलेली ही मुलगी. गेममध्ये दिसणारा तिच्या मनाचा महाल म्हणजे वाळवंटातला पिरॅमिड, कारण ती खोली तिला आपलं थडगं वाटते. आत तुटकी भित्तिचित्रं जुळवावी लागतात आणि जुळली की तिच्या आईच्या मृत्यूचा प्रसंग उलगडतो. मृताची कथा भिंतीवर लिहिण्याची इजिप्शियन रीत इथे नेमकी वापरली आहे. शेवटी आईच्या चेहऱ्याची पंखवाली स्फिंक्स येते. ती इजिप्तपेक्षा ग्रीसची जास्त, पण त्या प्रसंगाचा जोर त्याने कमी होत नाही.

स्वतः न दिसता पडद्याआडून वार करणारी मुलगी आणि न दिसता नजरेने मारणारा देव: सतराव्या प्रकरणातली ओळ इतकी समजून घेतलेला दुसरा गेम मला माहीत नाही. इतर ठिकाणी मेजेदचं फक्त गोंडस रूप उचललं गेलं. इथे त्याचा गुण उचलला गेला, म्हणून मी ‘पर्सोना ५’ला झुकतं माप देतो.

ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर या पपायरसचा क्रमांक ईए १०५५४ असा आहे. मेजेद शोधायला जरूर जा. पण पपायरस ओळखला जातो तो दान देणाऱ्या बाईंच्या नावाने आणि गाजला त्यातला एक दुय्यम देव. ज्या स्त्रीसाठी ही ३७ मीटरची वाट आखली गेली, त्या नेसितानेबेताशेरूचंही नाव तेवढं लक्षात ठेवा.