पलीकडचा भाव

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच सुमारे तासाभरात उरण तालुक्यातील मोरा बंदराला लागते. उतरणाऱ्यांच्या हातांत पिशव्या असतात, आणि पिशव्यांबरोबर मुंबईचा भावही धक्क्यावर उतरतो. मशीद बंदरला अमुक वस्तू कितीला मिळाली, क्रॉफर्ड मार्केटात तमुक डबा कितीला होता, याची वार्ता घराघरांत पोहोचायला वेळ लागत नाही. मग गावातील दुकानाच्या फळीपाशी ठरलेला संवाद घडतो. "शेट, मुंबईला हाच डबा वीस रुपयांनी स्वस्त आहे. त्या भावात द्या ना!" आणि ठरलेले उत्तर येते, "मग मावशी, तिकडूनच आणा की!" मावशी हिरमुसतात, शेट खट्टू होतात. डबा बहुधा विकला जातो, परंतु दोघांच्याही मनात थोडी कटुता उरते.

हा संवाद एकट्या मोरा बंदराचा नव्हे. वसईच्या बाजारात, अलिबागच्या पेठेत, किंबहुना जिथे जिथे दोन दुकाने आहेत तिथे तिथे तो चालतो. पलीकडचा भाव अलीकडे मागणे ही गोष्ट दिसायला साधी, पण तिच्या पोटात शतकांचा इतिहास आहे. ही मागणी बहुतेक वेळा वाया का जाते आणि ती फळाला केव्हा येते, हे त्या इतिहासाच्या आधारे पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, एका दुकानाचा भाव दुसऱ्या दुकानात मागण्यासाठी मुळात भाव उघड असावा लागतो. आपल्या जुन्या बाजारांत तो उघड नसे. गिऱ्हाईक पाहून भाव सांगावयाचा, गिऱ्हाइकाने निम्म्यावर मागावयाचा आणि घासाघीस करीत मध्ये कोठेतरी थांबावयाचे, ही रीत होती. गुरांच्या बाजारात आणि फळांच्या घाऊक व्यापारात तर रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी सौदा ठरे. वाशीच्या फळबाजारात हापूस आंब्याचे व्यवहार अशा रीतीने होताना पुष्कळांनी पाहिले असतील. रुमालाचे प्रयोजन एवढेच की, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भाव कळू नये. ज्याला शेजाऱ्याचा भाव ठाऊक नाही, तो बरोबरी कशाची मागणार?

दुसरा अडसर उधारीचा. भाताच्या सुगीवर किंवा मासळीच्या हंगामावर ज्यांचे पोट, त्यांची खरेदी मधल्या महिन्यांत वहीवर चाले. ज्याचे नाव वहीत आहे, त्याला दुसऱ्या दुकानाचे नाव काढण्याची सोय नसते. अशा घराला भाव ठाऊक असूनही तो मागता येत नसे. अडलेल्या माणसाला जिभेवर आलेला शब्द गिळावा लागतो.

या विषयाला धर्मशास्त्राने फार पूर्वी हात घातला आहे. एक जड व एक हलके अशी दोन वजने पिशवीत बाळगू नयेत, अशी आज्ञा जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात आहे. एका माणसाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, ही लबाडी तेव्हाही होती, असे तिच्यावरून दिसते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात खरेदीविक्रीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला. वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याचे नुकसान होत असेल, तर ते त्याने किमतीत धरावे. परंतु घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून किंमत वाढवू नये, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. त्याच ठिकाणी ते हेही मान्य करतात की, वस्तू एका गावाहून दुसऱ्या गावी नेली, नेण्यात धोका पत्करला, तर तिची किंमत वाढणे न्याय्य आहे.

मोरा बंदराला हे दोन्ही नियम तंतोतंत लागू पडतात. येथे माल एके काळी मचव्यांतून आणि पडावांतून येई. तो चढविणे, उतरविणे, वाटेत भिजणे, यांचा खर्च दुकानदाराने किमतीत धरला तर त्याला लबाड म्हणता येणार नाही. परंतु ओहोटी लागली, गाळामुळे लाँच थांबली, गिऱ्हाईक आता पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून ज्याने दोन रुपये वाढविले, त्याने समुद्राची अडचण स्वतःच्या नावावर विकली. लाँचचे भाडे आणि ओहोटीची अडवणूक यांतील हा भेद ओळखता आला, तर पुष्कळ भांडणे टळतील.

संत थॉमस यांनी आणखी एका जुन्या कोड्याचा विचार केला आहे. रोमन पंडित किकेरो याने ते मांडले होते. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्य घेऊन प्रथम पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने लोकांना सांगावे काय? संत थॉमस यांच्या मते न सांगितल्याने न्यायाचा भंग होत नाही, मात्र सांगणे किंवा भाव उतरविणे हे अधिक सद्गुणाचे ठरेल. म्हणजे पलीकडचा भाव ग्राहकाला कळावा की न कळावा, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीही विचारवंतांना सतावीत होता.

रुमाल हळूहळू दूर झाला, तो युरोपात. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीय दुकानदारांनी एकच भाव सांगण्याचा नेम धरला. मनात एक आणि तोंडावर दुसरा भाव ठेवणे त्यांना असत्य वाटे. जॉर्ज फॉक्स यांनी आपल्या अनुयायांना हीच शिकवण दिली. प्रारंभी गिऱ्हाईक बिचकले. पुढे मात्र लहान मूल पाठविले तरी फसवणूक होत नाही, हे अनुभवास येऊन याच दुकानांचा जम बसला. 1852 पासून पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको यांनी 'बों मार्शे' हे दुकान वाढविताना प्रत्येक वस्तूवर किंमत लिहून ठेवण्याची पद्धत रूढ केली. किंमत लिहिली गेली आणि तुलना शक्य झाली. त्यातूनच 'त्या दुकानाच्या भावात द्या' ही मागणी जन्मास आली.

पश्चिमेतील काही दुकानदारांनी या मागणीचेच ब्रीद केले. लंडनच्या जॉन लुईस या पेढीने 1925 पासून असे वचन दिले की, आमच्यापेक्षा कमी किमतीत कोणी विकत असेल तर आम्हीही त्याच किमतीत देऊ. हे वचन 2022 मध्ये मागे घेण्यात आले आणि 2024 मध्ये पुन्हा देण्यात आले. पण अशा वचनांना अटींची शेपूट असते. वस्तू हुबेहूब तीच हवी, समोरच्याकडे ती त्या क्षणी शिल्लक हवी, पुरावा ग्राहकाने आणावा. काही अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक शंका काढली आहे. आपण भाव उतरविला की समोरचा तत्काळ तितकाच उतरविणार, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असेल, तर पहिल्याने उतरवावा तरी कशाला? अशा रीतीने भाव जुळविण्याचे वचनच कधी कधी भाव चढे ठेवते.

आता आपल्या देशाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. 'रास्त भाव' हा शब्दप्रयोग आपल्या घरोघरी रुळला तो शिधापत्रिकेमुळे. शिध्याच्या दुकानात घासाघीस नव्हती, पण निवडही नव्हती. बंद पाकिटांवर किंमत छापण्याचे नियम 1977 साली आले. तरीही 'स्थानिक कर वेगळे' या तीन शब्दांच्या फटीतून दुकानदार हवे तेवढे वाढवून घेत. 1990 मध्ये ती फट बुजविण्यात आली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. यातील 'कमाल' या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती किंमत म्हणजे छत आहे, जमीन नव्हे. तिच्याहून अधिक घेणे हा गुन्हा, परंतु तिच्याहून कमी घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र दुसऱ्या दुकानाइतका भाव द्यावा, असे बंधनही कोणत्या कायद्याने दुकानदारावर घातलेले नाही. म्हणून मावशींची मागणी गैर नाही आणि शेटचा नकारही बेकायदा नाही.

मग मार्ग कोणता? इतिहास सांगतो की, एकट्या ग्राहकाची विनवणी क्वचितच फळली, पण ग्राहक एकत्र आले तेव्हा चित्र पालटले. 1844 साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे विणकर व अन्य कारागिरांनी स्वतःचे दुकान काढले. त्यांनी बाजाराहून स्वस्त विकण्याचा हट्ट धरला नाही. भाव बाजारचाच ठेवला, माप चोख दिले, उधारी बंद केली आणि वर्षाचा नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत केला. आपल्याकडे उधारीची बेडी तोडण्याचा यत्न वसईच्या कॅथलिक समाजाने लवकर केला. मोन्सेनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने 1918 साली तेथे सहकारी पतसंस्था निघाली. आजची बसीन कॅथलिक बँक तिच्यातूनच उभी राहिली. 1948 साली मुंबईच्या नायगाव भागात, कामगारांच्या वस्तीत, 'अपना बाजार' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले ग्राहक भांडार सुरू झाले.

1972 च्या दुष्काळात महागाई असह्य झाली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. दुकानाच्या फळीपाशी एकेकट्या हिरमुसणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या आणि सरकारला त्यांचे ऐकावे लागले. 1975 मध्ये बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदींनी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन केली. शेजारची काही कुटुंबे मिळून महिन्याची यादी करतात, पंचायत घाऊक खरेदी करते आणि माल वाटून घेतला जातो. येथे कोणी कोणाकडे भाव जुळवून मागत नाही. भाव मुळातच सामुदायिक खरेदीतून उतरलेला असतो. ग्राहकाच्या हक्कांना कायद्याचे पाठबळ 1986 मध्ये मिळाले. त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा 2020 पासून अमलात आहे.

आज मोरा बंदराचे पाणी तेच असले तरी वाटा बदलल्या आहेत. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही आली. पलीकडचा भाव आता लाँचची वाट पाहत नाही. तो खिशातील मोबाईलवर दिसतो. तरुण मुलगा दुकानात उभा राहून पडदा शेटपुढे धरतो. आणि येथे एक गोष्ट आपण विसरतो. शेट स्वतःही कोणाचा तरी ग्राहक आहे. 2021 च्या अखेरीस देशभरातील वितरकांच्या महासंघाने मोठ्या कंपन्यांना हेच विचारले की, बड्या व्यापारी साखळ्यांना जो माल स्वस्तात देता, तो आम्हाला त्याच भावात का नाही? जानेवारी 2022 च्या प्रारंभी महाराष्ट्रातील वितरकांनी एका दंतमंजन कंपनीच्या मालाचे वितरणही थांबविले. म्हणजे मावशींनी शेटला जे विचारले, तेच शेटच्या पुरवठादाराने कंपनीला विचारले. छोट्या दुकानदाराला पुष्कळदा माल ज्या भावात मिळतो, त्याहून कमी भावात तो मोठ्या दुकानात विकला जातो. अशा वेळी त्याचा नकार लोभातून आलेला नसतो.

म्हणून, वाचकहो, पलीकडचा भाव मागण्यास संकोच नसावा. परंतु मागण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. वस्तू तीच आहे काय, वजन तेच आहे काय, तिकडे जाण्यायेण्याचा खर्च आपण धरला आहे काय, आणि आजारपणात वा पावसाळ्यात महिनाभर वहीवर देणारा पलीकडे कोणी आहे काय? त्या उधारीचीही किंमत असते, ती पाकिटावर छापलेली नसते. दुकानदारानेही ज्यांचे नाव वहीत आहे त्यांना वेगळा भाव लावू नये. तसे केले तर दोन वजने पिशवीत ठेवल्यासारखेच होईल.

धर्मग्रामातील दहा-वीस कुटुंबांनी नाताळच्या फराळासाठी लागणारा मैदा, साखर, तूप यांची यादी एकत्र केली, रोख पैसे जमविले आणि गावातल्याच दुकानदारापुढे ठेवले, तर तो ती मागणी घेऊन घाऊक व्यापाऱ्याकडे ताठ मानेने जाऊ शकेल. भाव उतरेल, आणि दुकानही गावात राहील. मावशींना मग 'तिकडूनच आणा' हे उत्तर ऐकावे लागणार नाही, कारण त्या वेळी शेट त्यांच्यासमोर नव्हे, त्यांच्या बाजूला उभा असेल.